पाऊस सरेपर्यंत थांबलेली माणसं

गेल्या अंकात गोवा वेल्ह्याच्या जुन्या बंदराबद्दल, म्हणजे कदंबांच्या गोपकपट्टणाबद्दल, जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. पाच पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलंय, कारण बाकीच्या चौघांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. पुस्तकात एक वाक्य नेहमी येतं, 'व्यापाऱ्यांमुळे संस्कृतीचा प्रसार झाला.' परवा एका मुलीने विचारलं, बाई, व्यापारी तर माल विकायला जातो, मग तो संस्कृती कशी पसरवतो, भाषणं देतो का? मला धड उत्तर देता आलं नाही.
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, तिने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. 'प्रसार झाला' म्हटलं की वाक्य संपतं पण कळत काहीच नाही. इतकी वर्षं यावर वाचून मला जे समजलंय ते एका शब्दात सांगायचं तर थांबणं. व्यापारी फिरायचा म्हणून गोष्टी पसरल्या असं आपण धरून चालतो, पण त्याहून जास्त काम झालं ते तो कुठेतरी अडकून पडला तेव्हा.

का अडकायचा, तर वाऱ्यामुळे. हे गोव्यातल्या मुलांना सांगायला सोपं आहे. जून लागला की आपल्याकडे ट्रॉलर जेटीला बांधून ठेवतात, ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस मासेमारी बंद, आणि पारंपरिक होडीवाला तर नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही. आता शिडाचं जहाज डोळ्यापुढे आणा, इंजिन नाही, जायचंय तिकडे वारा असेल तरच जाणार. अरबी समुद्रात पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आपल्याकडे येतो आणि हिवाळ्यात उलटा, आपल्याकडून अरबस्तान-आफ्रिकेकडे. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं टिपण आहे, त्याने स्वतःचं नाव कुठे दिलेलं नाही पण बंदरं मात्र एकेक करून सांगितलीत, भडोच, कल्याण, चौल, खाली केरळपर्यंत. तो सांगतो की इजिप्तहून जुलैच्या सुमाराला निघावं. म्हणजे जोराचा पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबरच्या आसपास जहाज आपल्या किनाऱ्याला लागणार, आणि परतीचा वारा धरायचा तो डिसेंबर-जानेवारीत, हे प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार तर म्हणतो की त्याच्या काळात एकाच बंदरातून वर्षाला एकशेवीस जहाजं भारताकडे निघायची.

आता हिशोब करा, मधले तीन-चार महिने हा माणूस करणार काय? कार्गो उतरवून झाला, मिरी यायचीय, परतीच्या वाऱ्याला अजून वेळ आहे. त्याला राहायला खोली लागणार, कोणीतरी रांधून घालणार, ताप आला तर इथलाच वैद्य बघणार, उधारी द्यायची-घ्यायची तर इथल्या कुणावर तरी विश्वास टाकावा लागणार, बोलायला चार शब्द शिकावे लागणार आणि संध्याकाळी देव आठवणार. असं दरवर्षी, वीस-वीस वर्षं. काहींचं लग्न इथेच होणार, पोरं दोन्ही भाषा बोलणार. भाषण कुणीच देत नाही बाई, एकाच विहिरीचं पाणी पिऊन सगळं होतं.

दुभाष्यापासून सुरुवात केलीत तर मुलांना आवडेल. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये एक छोटीशी दंडगोल मुद्रा आहे, मेसोपोटेमियातली म्हणजे आजच्या इराककडची, साधारण सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर मालकाचं नाव कोरलंय, शू-इलिशू, मेलुह्हा भाषेचा दुभाषी. मेलुह्हा म्हणजे आपला सिंधू खोऱ्याचा भाग असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच काळात अक्कडचा राजा सारगॉन बढाई मारतो की मेलुह्हा, मगन (ओमानकडचा भाग) आणि दिलमूनची (बहरीनकडची) जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. जहाजं आली आणि त्यांच्यासोबत हा एक माणूस आला, त्याचा धंदाच मुळी दोन लोकांच्या मधे उभं राहायचा. राजे खूप होऊन गेले पण मला हा शू-इलिशू जास्त जवळचा वाटतो.

मग थांबलेल्या लोकांनी स्वतःच ठेवलेली खूण बघा. येमेनच्या खाली समुद्रात सोकोत्रा नावाचं बेट आहे आणि त्यावर होक नावाची गुहा, डोंगरात उंचावर, आत सुमारे दोन किलोमीटर खोल. तिथे अंधारात भिंतींवर, जमिनीवर, लवणस्तंभांवर दोनशेच्या आसपास लेख सापडलेत, चिखलाने, कोळशाने, टोकदार दगडाने लिहिलेले, आणि त्यातले बहुतेक ब्राह्मी लिपीत. दुसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यान आपल्याकडचे खलाशी आणि व्यापारी, त्यातले कितीतरी भडोचकडचे, मशाली घेऊन आत गेले आणि नावं लिहून आले, अमक्याचा मुलगा तमका, भडोचचा. त्याच गुहेत ग्रीक अक्षरं आहेत, दक्षिण अरबी आहेत, इथिओपियाची आहेत, आणि सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या एका माणसाने ठेवलेली लाकडी पाटीसुद्धा आहे, तिच्यावर तारीख पडते सन २५८ची. विचार करा, भडोचचा माणूस आणि पाल्मिराचा माणूस एकाच काळोखात, आपापल्या देवाचं नाव घेत.

धर्म कसा पोचतो याची तर एक आपल्याच कोकणातली गोष्ट आहे. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, तिथला पूर्ण नावाचा व्यापारी, दासीच्या पोटी जन्मलेला, भावांनी वाटा नाकारलेला, स्वतःच्या अकलेवर मोठा झालेला. सहा सफरी करून आला होता. सातव्या सफरीत त्याच्या जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते आणि ते रात्री आणि पहाटे काहीतरी म्हणायचे. पूर्ण म्हणाला, गाणी छान आहेत हो तुमची, ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, बुद्धाची वचनं आहेत. पुढे पूर्ण भिक्षू झाला आणि परत आपल्या पश्चिम भागातच आला. ही बौद्ध ग्रंथातली कथा आहे, तिच्यातला चमत्काराचा भाग सोडून द्या, पण ऐकणाऱ्यांना ती खरी वाटत होती ती या जहाजावरच्या पहाटेमुळे. बरोबरच्या प्रवाशाने म्हटलेलं कानावर पडलं आणि माणूस बदलला. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळालेत आणि स्तूपही आहे, म्हणजे गोष्ट हवेतली नाही.

आणि आता आपल्या गोव्याचं. अकराव्या शतकात कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गाने सोमनाथच्या यात्रेला निघाला होता, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली आणि जहाज गोपकपट्टणाला आणावं लागलं. तिथे त्याला मदत केली ती मदुमद नावाच्या व्यापाऱ्याने. मदुमद म्हणजे मुहम्मद, तो ताजिक म्हणजे अरब वंशाचा होता आणि तिथल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांत सगळ्यात श्रीमंत. ती ओळख राजघराणं विसरलं नाही. पुढे पहिला जयकेशी गादीवर आला तेव्हा त्या घराण्याच्या पुढच्या पिढीतल्या माणसाला मोठा अधिकार मिळाला, आणि मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घ्यायची परवानगी ताम्रपटावर लिहून मिळाली. त्या ताम्रपटात मशिदीला शब्द आहे 'मिजिगिति'. मोठ्याने म्हणून बघा बाई, मिजिगिति. परका शब्द आपल्या जिभेवर घोळून घोळून असा गोल व्हायला लोकांनी तो किती वर्षं रोज उच्चारला असेल!

असंच उत्तर कोकणातही. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजाने जवळच्या संजाण बंदरावर नेमलेला अधिकारी हा मधुमति नावाचा ताजिक, म्हणजे पुन्हा एक मुहम्मद, त्याने नदीवर फुकट होडीची सोय केली, अन्नछत्र घातलं, आणि देवीच्या मठाला दान द्यायला संमती दिली. हे सगळं राजाच्या फौजेने आणलेलं नाही. बंदरात राहता राहता एकमेकांची गरज पडली त्यातून आलेलं आहे.

वर्गात एक करून बघा. मुलांना सांगा, तुम्ही मस्कतच्या बंदरात अडकलात, वारा चार महिन्यांनी फिरणार, मोबाईल नाही, तर पहिल्या आठवड्यात कुणाकुणाकडे काय काय मागावं लागेल ते लिहा. ती जी यादी होईल ना, तेच तुमच्या पुस्तकातल्या त्या वाक्याचं उत्तर आहे.

प्रश्न : माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते, मुंबईपर्यंत कौलं आणि नारळ न्यायचे. घरात अजून त्यांचे शब्द चालतात. नातू म्हणतो, यातले निम्मे शब्द मराठी नाहीतच. हे खरं का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : काका, नातवाचं बरोबर आहे पण त्याला सांगा की ते आता मराठीच झालेत. सुकाणू घ्या, तो अरबी 'सुक्कान'वरून आला. खलाशी अरबीकडून, बंदर आणि दर्या फारसीकडून, आणि नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, 'नाव' आणि 'खुदा' मिळून, नावेचा धनी. यातला 'नाव' हा आपल्या संस्कृत 'नौ'चा सख्खा भाऊ आहे. तोच नाखुदा पूर्वेला गेला आणि मलय भाषेत जहाजाचा कप्तान म्हणजे 'नाखोदा' झाला. वसई-मुंबईकडचा कोळी लग्नात ज्या नाखवाची गाणी म्हणतो त्याचा एक भाऊबंद मलाक्क्याच्या सामुद्रधुनीत आहे. मान्सूनसुद्धा अरबी 'मौसिम'वरूनच, ठरलेला हंगाम.

पण शीड, डोलकाठी, वल्हं, काथ्या हे आपले. म्हणजे जहाज बांधायचे बरेच शब्द घरचे आणि जहाज चालवायचे, बंदरातले, हुद्द्याचे शब्द बाहेरचे, असं मला तरी दिसतं, आणि ते साहजिक आहे, कारण होडी आपल्या गावात आपल्या सुताराने बांधली पण तिच्यावर काम करणारी माणसं सतरा ठिकाणची होती, त्यांना समजेल अशी एक बोली लागणारच.

आजोबांच्या देवघरातली एक वस्तू सांगते, कापूर. तुमच्या गावच्या देवळात आरतीला कापूर पेटतो ना, त्यातला जुन्या काळचा उत्तम कापूर यायचा तो सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातल्या उंच झाडांतून. जुने लोक ज्याला भीमसेनी कापूर म्हणतात तो हाच. मलयमध्ये त्याला 'कापुर' म्हणतात आणि आपला 'कर्पूर' शब्दही तिकडूनच आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. बरास कापूर म्हणतात त्यातलं बरास म्हणजे सुमात्राचं बारुस बंदर. आज मिळणारा कापूर बहुतेक कारखान्यातला आहे, तो भाग वेगळा. पण 'कर्पूरगौरं' म्हणताना आपण नकळत एका दूरच्या बेटावरच्या झाडाचं नाव घेतो, आणि मला त्यात देवाचं काही कमी झाल्यासारखं वाटत नाही, उलट बरं वाटतं.

आजोबांचे शब्द एका वहीत लिहून ठेवा काका, मचव्याच्या कुठल्या भागाला काय म्हणायचे ते चित्र काढून. ही वही पुढे कुणाला तरी फार उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की जगाला सगळं भारतानेच शिकवलं, आपण कुणाकडूनही काही घेतलं नाही. आमचे सर म्हणतात असं नसतं. खरं काय?
— एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतायत. आपण खूप दिलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. इंडोनेशियात आजही भाषेला 'बहासा' म्हणतात, धर्माला 'आगामा', गुरूला गुरूच. तिथल्या जुन्या लिप्या दक्षिण भारतातल्या लिपीवरून झाल्या. बोर्निओ बेटावर कुताई इथे मूलवर्मन राजाचे यूपस्तंभ म्हणजे यज्ञाचे खांब आहेत, त्यांवर संस्कृत लेख, साधारण पाचव्या शतकाच्या सुमाराचे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात २०२२ साली बुद्धाची मूर्ती सापडली, इसिस देवीच्या देवळाच्या आवारात, एकाहत्तर सेंटीमीटर उंच, आणि बघ, दगड मात्र बहुधा इस्तंबूलकडचा! म्हणजे मूर्ती इथून नेलेली दिसत नाही, इजिप्तमधल्याच कारागिराने त्या संगमरवरात घडवली असणार. त्याच उत्खननात सातवाहनांची दोन नाणी मिळाली आणि सन २४८चा संस्कृत लेखही. पूर्वीच्या एका खोदकामात तिथल्याच देवळात भारतीय रांजण सापडला होता, त्यात साडेसात किलो काळी मिरी.

पण आता उलट्या बाजूने बघ. घरात कुणाचं लग्न ठरलं की भटजी होरा बघतात. हा 'होरा' ग्रीक आहे, त्यांचा तास. कुंडलीतलं 'केंद्र' हे ग्रीक 'केंट्रॉन'. आपण 'दाम' म्हणतो तो ग्रीक नाणं 'द्राख्म'वरून, द्रम्म, मग दाम. जुन्या लेखांत येणारा 'दीनार' रोमन नाण्यावरून. ज्योतिषी वर्षफळ काढतात त्या पद्धतीचं नावच ताजिक आहे, आणि ताजिक म्हणजे कोण ते पहिल्या उत्तरात आलंच. तुझ्या आजीच्या पंचांगात इतके देश बसलेत.

कोल्हापूरला गेलास तर टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा. तिथे एक छोटी कांस्यमूर्ती आहे, पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, १९४५च्या सुमाराला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदताना मिळाली. समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेकाठी आला. आणि त्याच्या उलट, इटलीत पाँपेई शहर सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय बाई सापडली, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तशाच धर्तीच्या बाहुल्या आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. तेरचं नाव 'पेरिप्लस'मध्ये आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर.

कार्ल्याचं लेणं तर तू सहलीत बघितलं असशील. पुढच्या वेळी खांबांवरची अक्षरं बघ. कितीतरी खांबांवर लिहिलंय की हा खांब धेनुकाकट गावच्या यवनाने दिला, आणि त्यातल्या एका यवनाचं नाव आहे सिहधय, सिंहध्वज. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचा माणूस. नाव आपलं, धर्म बुद्धाचा, आणि तरी स्वतःला यवन म्हणवून घ्यायला त्याला कसली लाज नाही आणि खांब घेणाऱ्या भिक्षूंनाही काही अडचण नाही.

देणं-घेणं दोन्ही असेल तरच व्यापार होतो बाळा. तो मेसेज ज्यांनी पाठवला ते घरचेच मोठे असणार, त्यांच्याशी वाद घालू नकोस, होरा आणि दाम एवढे दोन शब्द त्यांना सांग.

प्रश्न : आमच्या दिवाडी बेटावर खिळे न मारता, दोरीने शिवलेलं मोठं जहाज बांधलं गेलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी लोखंड नव्हतं म्हणून असं शिवायचे का?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : तुम्ही ते पाहिलंत याचा मला हेवा वाटतो, मी फक्त एकदा जाऊ शकले, फेरीबोट पकडून, तेव्हा अर्धा सांगाडा उभा होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे जहाज म्हणजे आता नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य'. २०२३च्या सप्टेंबरात कणा घातला, २०२५च्या फेब्रुवारीत पाण्यात उतरलं, मे महिन्यात कारवारला नौदलात आलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतला निघालं ते जानेवारीत पोचलंसुद्धा. शिवणारे कारागीर केरळचे, त्यांचे मुख्य बाबू शंकरन.

शिवण कशी असते ते जवळून बघण्यासारखं आहे. दोन फळ्या कडेला कडा लावून ठेवायच्या, दोन्हींच्या काठाने भोकं पाडायची, सांध्यावर आतून नारळाच्या सोडणाच्या तंतूंची जाड वात दाबून बसवायची आणि तिच्यावरून काथ्याची दोरी या भोकातून त्या भोकात, आडवी-तिरकी, दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढून घट्ट करायची. मग भोकं बुजवायची, राळ आणि माशाचं तेल लावायचं. मी ती दोरी हातात घेऊन पाहिली, आपल्या घरी विहिरीला असते तसलीच, नखाने सुटत नाही इतकी घट्ट वळलेली. पाण्यात पडली की काथ्या आणखी आवळतो.

लोखंड नव्हतं असं अजिबात नाही, आपलं पोलाद तर बाहेर जायचं. कारणं दुसरी होती. खारं पाणी लोखंड खातं. शिवलेलं जहाज लवतं, म्हणजे वाळूवर आपटलं, लाटेने पिळलं तरी फळी फुटण्याआधी सांधा थोडा देतो, आणि आपल्या किनाऱ्यावर धक्के कमी, वाळूत ओढून ठेवायची वेळ जास्त. शिवाय दुरुस्ती कुठेही होते, माड असेल त्या किनाऱ्यावर दोरी मिळते. भोज राजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' ग्रंथात मात्र वेगळंच कारण दिलंय की समुद्रातले चुंबकाचे खडक लोखंड ओढून घेतात. मार्को पोलोला होर्मुझला अशी जहाजं दिसली तेव्हा त्याला ती भलतीच तकलादू वाटली. पण तकलादू असती तर इतकी शतकं टिकली नसती. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटापाशी नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं, तेही शिवलेलंच, अरबी समुद्राच्या पद्धतीचं, आणि त्यात साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी. काही वाडग्यांवर कमळ, काहींवर अरबी अक्षरांसारखी वळणं. चीनमधल्या कुंभाराने ती अक्षरं वाचली नसणार, गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून काढली. पण हात वळले ना तसे.

'कौंडिण्य'चा नमुना घेतलाय तो अजिंठ्याच्या चित्रावरून, आणि त्या जहाजाचं चित्र दोन नंबरच्या लेण्यात आहे, पूर्णाच्या कथेत. तोच सोपाऱ्याचा पूर्ण, फोंड्याच्या बाईंना सांगितलेला. तुमच्या बेटावरून उतरलेलं जहाज त्या गोष्टीतून निघालंय. आणि कौंडिण्य कोण, तर आजच्या कंबोडियाकडच्या फुनान देशाच्या दंतकथेत समुद्रावरून येणारा परदेशी. तिथल्या राणीने आधी त्याच्या जहाजावर हल्ला केला आणि शेवटी त्याच्याशी लग्न केलं, त्यांच्यापासून राजवंश चालला. फुनानबद्दलच्या चिनी नोंदी तिसऱ्या शतकापासूनच्या आहेत आणि सन ६५८च्या चंपा देशातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या, संस्कृत शिलालेखात राणीचं नाव सोमा. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते की हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलंय, आणि सांगताना तो आला आणि जिंकून गेला असं म्हटलेलं नाही, तो आला आणि राहिला, असं म्हटलंय.

तुमच्या गावातल्या साध्या होडीकडेही नीट बघा. तिच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांना बांधलेला ओंडका असतो, उलांडी, होडी कलंडू नये म्हणून. ही युक्ती इंडोनेशिया-फिलिपिन्सकडच्या बेटांवरच्या लोकांची. हेच लोक पश्चिमेला पार मादागास्करपर्यंत गेले, तिथली भाषा आजही बोर्निओतल्या भाषेची बहीण लागते. म्हणजे तुमच्या शेजारचा पागी सकाळी जाळं टाकायला जातो तो त्यांची उलांडी घेऊन.

प्रश्न : हे सगळं बघायला गोव्यात कुठे जावं? रविवारी मुलांना घेऊन जाता येईल असं सांगा.
— एक आई, मडगाव

उत्तर : आधी आगशी आणि गोवा वेल्हा. जुवारीच्या काठाने जांभ्या दगडाची लांब भिंत आहे, गोपकपट्टण बंदराची, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिची पाहणी केलीय. चिरे शेवाळलेले आहेत, काही ठिकाणी लोकांनी नेलेत, त्यामुळे मोठा किल्ला दिसेल असं सांगून मुलांना नेऊ नका. याच आगशीच्या बाजूला २००१ साली पहलवी म्हणजे जुन्या इराणची अक्षरं कोरलेला दगडी क्रूस सापडला, म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी फारसी जगाशी नातं असलेले ख्रिस्ती इथे येऊन-जाऊन होते. मशीद, क्रूस आणि सोमनाथला निघालेला राजा, सगळे एकाच खाडीच्या काठाला.

तिथून जुन्या गोव्याला म्युझियममध्ये वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड बघा, समुद्रावरची लढाई कोरलेला आहे, वल्ही मारणारी माणसं मोजायला सांगा मुलांना, त्यात अर्धा तास जातो. कोलवाळला १९३० साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांना बुद्धाची मूर्ती मिळाली होती, ती मुंबईला त्यांच्या संस्थेत आहे, पण रिवण आणि हरवळ्याची लेणी इथेच आहेत. रिवण तुम्हाला मडगावहून जवळ पडेल. आत अंधार असतो, टॉर्च न्या.

आगशीला जाताना मात्र ओहोटीची वेळ बघून निघा, भरतीला भिंतीचा खालचा भाग पाण्यात जातो. आणि पायात जुन्या चपला घाला, तिथे चिखल घोट्यापर्यंत येतो आणि कालवांच्या शिंपल्या फार लागतात.